एका महिन्याचा शेजार

(सदाशिव पेठेतल्या एका वाचक मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)

मंडळी, नमस्कार. दाराशी छत्र्यांचा ढीग पडलाय आणि त्यातल्या निम्म्या काळ्या आहेत. जाताना आपापलीच न्या. मागच्या सभेला माझी गेली, आणि तिच्या बदल्यात जी आली तिच्या दोन काड्या मोडलेल्या होत्या. हे एकदा सांगून टाकलं, आता विषयाकडे वळते.

चिटणीसांनी मला 'वाचनसंस्कृती'वर बोला म्हणून गळ घातली होती. मी नाही म्हटलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून हे शहर भाषणं ऐकतंय, आणि त्यातली निम्मी तरी वाचनसंस्कृतीवरच झाली असणार असा मला दाट संशय आहे. त्यात माझी भर कशाला? मी म्हटलं, माझ्याकडे एका महिन्याची वही आहे, ती घेऊन येते. त्यात काय निघालं ते सांगते.

ही ती वही. लांबोळकी, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारी मांडायला असते तसली. रकाने चार. तारीख, काय वाचलं किंवा पाहिलं, कुठून कुठपर्यंत, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. तो बहुतेक ठिकाणी रिकामा आहे.

वही घालण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. लोकांना वाटतं, काय भाग्य, दिवसभर पुस्तकं वाचायला मिळतात! अहो, मुद्रितं वाचणाऱ्याला पुस्तक दिसतच नाही. त्याला काना, मात्रा, वेलांटी दिसते. एकदा एका कादंबरीची मुद्रितं मी तीन वेळा तपासली आणि घरी कुणीतरी विचारलं, शेवटी काय होतं गं तिचं? मला सांगता येईना. कितव्या पानावर 'आणि' दोनदा पडलं होतं ते मात्र पाठ होतं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता नीट वाचू. पण सवय काही सुटली नाही. पुस्तक मिटलं की आतलं सगळं पुसून जायचं. मग ठरवलं, एक महिनाभर लिहून तर ठेवू या.

महिना कुठून धरायचा हा प्रश्न होता. एक तारखेपासून धरला तर तो पगाराचा महिना, आणि माझा पगार बंद झालाय. म्हणून पालखी पुण्यात आली त्या दिवशी पहिलं पान उघडलं आणि तिथून तीस दिवस मोजले.

पालखीला मी दरवर्षी लक्ष्मी रोडवर एका ठरलेल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहते. दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला असतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. यंदा पाऊस मध्येच आला. बायकांनी डोक्यावरच्या तुळशीवर प्लास्टिक धरलं आणि स्वतः भिजत राहिल्या. घरी येऊन केस पुसत होते तर मुलगा म्हणाला, आई, आज 'संत तुकाराम' लावू का? वहीतली पहिली नोंद ही.

चित्रपट १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. प्रभातची मंडळी १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती आणि आज लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे त्यांचा स्टुडिओ होता. म्हणजे देहूचा हा संसार पडद्यासाठी उभा राहिला तो इथून रिक्षाच्या अंतरावर. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण सगळे शाळेपासून अभिमानाने सांगतो.

मी तो पहिल्यांदा पाहिला आजीबरोबर, अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजमध्ये. प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी वाजवणारी ती बाई पडद्यावर आली की आजी चप्पल काढून पाय वर घेऊन बसायची. विष्णुपंत पागनीस दिसले की हात जोडायची. हे पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत, हे तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तिच्या लेखी ते तुकोबाच होते. आणि आवली आली की आम्ही दोघी तिच्यावर चिडायचो. देवमाणसाला छळते मेली, असं आजी पुटपुटायची.

या वेळी काय झालं कोण जाणे, मला तुकोबा दिसलेच नाहीत. मी पूर्ण वेळ आवलीकडे बघत होते. ती म्हैस धुते, पोरांना आवरते, चूल पेटवते. तिचे हात एक क्षण रिकामे नसतात. आजारी पोराला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. हे काम करणारी नटी गौरी. तिच्या अंगात असा काही पेठेतला, नळावरचा ठसका आहे की त्यापुढे बाकीच्यांचं नाटक उघडं पडतं. शेवटी वैकुंठाहून गरुड येतो (तो मला तेव्हाही पुठ्ठ्याचा वाटला होता आणि आताही वाटला), तुकोबा निघतात, आणि आवली खालीच राहते. आजीच्या शेजारी बसून मी वर, आकाशात बघितलं होतं. आता खाली बघत बसले. उद्याची भाकरी कोण थापणार, हा हिशेब त्या गरुडावर मावणारा नव्हता.

गाथा बुडवण्याचा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचा आक्षेप, वह्या इंद्रायणीत, तेरा दिवसांचं उपोषण, आणि गाथा तरून वर. (आज वाघोलीहून देहूला निघालेला माणूस तेरा दिवसांत पोचेल की नाही, मला शंकाच आहे. असो.) आमचे एक जुने संपादक म्हणायचे, वह्या बुडाल्याच असणार हो, पण अभंग लोकांना पाठ होते, ते कसे बुडतील? मला हे पटतं. पण कागदाशी आयुष्य काढलेल्या बाईला वह्यांचंही वाईट वाटतंच.

याच चित्रपटातली एक गंमत सांगते. 'आधी बीज एकले' हे पद तुम्ही तुकोबांचा अभंग म्हणून ऐकलं असेल. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. एकदा माझ्याकडे एक हस्तलिखित आलं. त्यात हे पद सरळ तुकारामांच्या नावावर घातलं होतं. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं. लेखक फोनवर तापले, 'बाई, तुम्ही शुद्धलेखन बघा, संतसाहित्य आम्ही बघतो.' मी प्रश्नचिन्ह ठेवलं. दुसऱ्या मुद्रितात त्यांनी ते खोडलं. तिसऱ्यात मी पुन्हा काढलं. पुस्तक शेवटी कसं छापलं गेलं ते बघायला मी दुकानातसुद्धा गेले नाही.

तर पहिल्याच दिवशी आवली डोक्यात बसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरवून काही नाही, हात गेला तो कपाटातल्या 'स्मृतिचित्रे'कडे. का गेला ते दुपारी कळलं. कवी नवरा, देवाचं वेड, घरात आहे ते वाटून टाकायची सवय, आणि मागे संसार ओढणारी बायको. आवलीने वही घातली असती तर ती लक्ष्मीबाई टिळकांसारखी लिहिली असती, असं मला वाटून गेलं. आणि हे नुसतं माझं खूळ नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. म्हणजे या दोन घरांमध्ये खरोखरच एक पूल होता. मी पुस्तक पूर्वी दोनदा वाचलं होतं, पण हा पूल मला कधी लागला नव्हता. आदल्या रात्री आवली पाहिली नसती तर या वेळीही लागला नसता.

लक्ष्मीबाईंचं बालपण ओल्या घरात गेलं. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं असं शिरलं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येईना. असल्या घरातली मुलगी. नवरा धर्म बदलतो, काही वर्षं दोघं वेगळी राहतात, आणि १९०० साली ती आपल्या पायांनी, आपल्या डोक्याने विचार करून बाप्तिस्मा घेते. १९३४ पासून हे लिखाण भागाभागाने छापून आलं. मराठीत आत्मचरित्रांची काही वाण नाही. पण स्वतःची इतकी फजिती इतक्या हसतमुखाने सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. वाचताना मी काना-मात्रा बघायचं विसरले. वहीत शेरा आहे, 'चुका दिसल्या नाहीत'. चुका असतीलही.

आता या प्रतीबद्दल सांगायला हवं. ती आईला लग्नात आली होती. आम्ही शनिवार पेठेत राहायचो, ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीच्या अगदी कुशीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खाली खडकवासल्याचं फुटलं, आणि मुठा पेठांमध्ये आली. मी तेव्हा चार वर्षांची. मला आठवतं ते एवढंच, की कुणाच्या तरी खांद्यावरून मला दुसऱ्याच्या माडीवर दिलं आणि माझी एक चप्पल खाली पडली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. वडिलांच्या ट्रंकेतली पुस्तकं निघाली ती विटेसारखी. बरीचशी टाकली. आठ-दहा मामाकडे पर्वतीच्या पायथ्याशी नेली आणि दोरीवर वाळत घातली, कपड्यांसारखी, मधोमध उघडून.

त्यातली ही एक. हिच्या प्रत्येक पानावर खालून चार बोटांवर एक तपकिरी रेघ आहे. अजून पान उलटलं की शिवणीतून बारीक माती झडते, पावडरीसारखी मऊ. ८४ आणि ८५ ही पानं एकमेकांना चिकटली होती. आईने भात शिजत असताना वाफेवर धरून ती सोडवली. पानं सुटली, पण शाईने आपलं काम करून ठेवलं होतं. ८४ वरची अक्षरं ८५ वर उमटली आहेत, ८५ वरची ८४ वर. अर्थात उलटी, आरशात दिसावी तशी. आता, माझी नोकरी सुरू झाली ती खिळ्यांच्या छापखान्यात. जुळाऱ्याच्या शेजारी उभी राहून मी उलटी अक्षरं वाचायला शिकले, कारण खिळा उलटाच असतो. त्यामुळे मला ती दोन्ही पानं वाचता येतात, सरळ अक्षरं आणि त्यांच्यामधून डोकावणारी शेजारच्या पानाची उलटी अक्षरंही. नातू म्हणाला, 'आजी, हे पुस्तक खराब झालंय, नवीन मागव ना.' मागवलंय. ते कपाटात आहे. वाचते ती हीच.

पुढचा एक आठवडा वहीत अगदीच सुमार आहे. प्रामाणिकपणे वाचून दाखवते. एक रहस्यकथा, ६० पानं, खुनी दहाव्या पानावर ओळखला, सोडली. एक व्यक्तिमत्त्व विकासाचं भाषांतर, ११ पानं, भाषांतरकाराची कीव आली. सुनेबरोबर कोरियन मालिका, पाच भाग; कथा कळली नाही पण ते लोक जेवतात फार छान. मोबाइलवर जे काही बघितलं तेही लिहायचं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी सोडून दिलं, कारण लिहायला बघण्यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला. भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करावं याचे मी एका दुपारी सात व्हिडिओ पाहिलेत. भेंडी अजून चिकटच होते.

मग वाचनालयातून 'रणांगण' आणलं. खरं तर सुनेसाठी. ती म्हणाली होती, आई, एका बैठकीत संपेल असं काहीतरी द्या. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची, अंगाने लहानशी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू माणसं, हेर्टा नावाची तरुणी, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. सगळी कादंबरी पाण्यावर. त्याला मुंबईत उतरता येतं, तिला नाही. डेकवर माणसं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात, एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजते, आणि ज्याच्या खिशात जो कागद आहे त्याप्रमाणे त्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं. दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत कुणीतरी हे लिहून मोकळं झालं होतं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. सुनेला दिलं. तिने रात्री दीडला संपवलं आणि सकाळी माझ्याशी बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, 'असं काही देताना आधी सांगत जा.'

मुलगा शेजारीच होता. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, या बेडेकरांनीच 'शेजारी' चित्रपट लिहिलाय. मला हे माहीत होतं आणि नव्हतंही. दोन वेगवेगळ्या कप्प्यांत माहीत होतं, असं म्हणा. कादंबरीकार बेडेकर एका कप्प्यात, प्रभातचा 'शेजारी' दुसऱ्या. १९३९ आणि १९४१. दोन वर्षांचं अंतर. एकात परक्या माणसांची बोट, दुसऱ्यात एका गावातले दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. गावात धरण बांधायला आलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. दिग्दर्शक व्ही. शांताराम. मराठीत हिंदू शेजारी केशवराव दाते, मुसलमान शेजारी गजानन जागीरदार. हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, हिंदूचं काम मजहर खान यांनी केलं आणि मुसलमानाचं पुन्हा जागीरदारांनीच. म्हणजे मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. त्याबद्दल चित्रपटात एक शब्दही नाही. मला ही गोष्ट त्यातल्या सगळ्या संवादांपेक्षा मोठी वाटते.

त्या रात्री आम्ही 'शेजारी' लावला. आईही बाहेर येऊन बसली. आई नव्वदीला आलीय. तिला हल्ली कालचं आठवत नाही, परवाचं तर नाहीच. मध्ये मध्ये डुलकी लागत होती. मला शेवट माहीत होता, पण ती बसलीय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि पडद्यावर धरण फुटलं. प्रभातच्या कारागिरांनी उभा केलेला तो प्रसंग आजही अंगावर येतो. पाणी सुटलं, भिंत खचली, ते दोघे म्हातारे त्यात एकत्र गेले. आई ताठ बसली होती. मी म्हटलं, 'आई, बंद करू का?' तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत विचारलं, 'माडीवर चढले का सगळे?'

मी म्हटलं, 'चढले.'

'आणि बेबी?'

बेबी म्हणजे मी. म्हटलं, 'चढली.'

मग ती उठून झोपायला गेली. वहीत तारीख घालायला घेतली तर घड्याळात बारा वाजून गेले होते. ११ जुलै लिहायचं की १२, मला कळेना. मी काही मुहूर्त बघून चित्रपट लावला नव्हता, शपथेवर सांगते. शेरा लिहिला नाही. तारीखही अजून कोरीच आहे, ही बघा.

दुसऱ्या दिवशी मी वही पहिल्यापासून वाचली, मुद्रित वाचावं तशी, बोट ठेवून. इंद्रायणी, सोवळ्याचं पाणी, पानशेतचा गाळ, समुद्र, धरण. विषय ठरवून यादी केली असती तर मला पाणी सुचलं असतं का? कधीच नाही. वाचनालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक असतात. 'रणांगण' कादंबरीत, 'स्मृतिचित्रे' चरित्रात, आणि चित्रपटाला तर त्या इमारतीत जागाच नाही. ही मंडळी तिथे एकमेकांना जन्मात भेटायची नाहीत. माझ्या वहीत ती भेटली, कारण पाऊस आला, मुलगा घरी होता आणि सुनेला लहान पुस्तक हवं होतं. आणि एकमेकांना चिकटून राहिली की त्यांचं होतं ते ८४-८५ सारखंच. आता मला लक्ष्मीबाई वाचताना मधून आवली दिसते. 'रणांगण'मधली बोट आठवली की त्या डेकवर केशवराव दाते बसलेले दिसतात, जे तिथे असण्याचं काही कारण नाही.

शेवटच्या आठवड्यात 'कोर्ट' पाहिला, चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा. हाही व्हेनिसला गौरवला गेला. 'संत तुकाराम'नंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. तिथे एका कवीच्या वह्या नदीत बुडवल्या, इथे एका शाहिरावर खटला. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. शाहिराचं काम केलंय वीरा साथीदार यांनी, जे प्रत्यक्षातही चळवळीतले होते.

लोकांना तो चित्रपट संथ वाटतो. मला तो ओळखीचा वाटला, आणि त्याचं कारण ऐकून तुम्ही हसाल. त्यातली सरकारी वकीलबाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कायद्याची कलमं वाचते. एका सुरात, न थांबता, अर्थाला स्पर्शही न करता. अहो, आम्ही असंच वाचायचो! मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रित तपासायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण संपलं. त्यात सूर लावून चालत नाही, सूर लावला की चूक निसटते. मी एकदा एका भूकंपावरचं पुस्तक असं वाचलंय, मेलेल्यांच्या आकड्यांसकट, आणि मग डबा खाल्लाय. त्या वकीलबाईत मला काही दुष्ट दिसलं नाही. ती लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. ती फक्त माझ्यासारखी वाचते. हे मला त्या रात्री फारसं सुखाचं गेलं नाही.

आणि मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवऱ्याला मॅनहोलमध्ये उतरायचं असे तेव्हा तो आधी आत खडा टाकायचा आणि थांबायचा. झुरळं वर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. झुरळं आली नाहीत तर उतरायचं नाही. त्याचा एक डोळा आतल्या गॅसने गेला होता. हे ती जशी आहे तशी सांगते, रडत नाही. कोर्टाचा कारकून ते टंकून घेतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं होतं. पावसाळ्यात तुंबतंच. झाकण काढून दोघं जण उभे होते. मी दूध घेऊन येत होते. थांबले आणि बघत राहिले, आधी काय करतात ते. त्यातला एक म्हणाला, 'मावशी, काय पाहिजे?' मला काय पाहिजे होतं ते सांगता आलं नाही. 'काही नाही,' म्हटलं आणि घरी आले. त्या दिवशीची नोंद 'पाहिलं'च्या रकान्यात करायची की नाही यावर मी बराच वेळ घालवला. केली. ती चित्रपटांच्या खालीच आहे.

आता प्रश्न असतील तर पुढच्या सभेत घेऊ, कारण मला निघायचंय. 'रणांगण' अजून माझ्याकडेच आहे. सुनेने वाचलं, मग तिच्या मैत्रिणीने नेलं, ते काल परत आलं. तेरा दिवस उशीर झालाय. हे बघा, पिशवीत आहे, दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. आमच्या वाचनालयाची खिडकी साडेसातला बंद होते, आणि तिथले गृहस्थ सात एकोणतीसला शटरला हात घालतात. बाहेर पाऊस आहे. माझी छत्री कुठली, ती तेवढी कुणीतरी पुढे द्या.